शाहिराचा बिनतारी माइक

१

मखमलीची पेटी उघडी होती आणि आतला माइक गेला होता.

राहात्याच्या भीमनगरात त्या दिवशी बाबासाहेबांची जयंती होती. समाजमंदिरापुढं मांडव घातलेला, मंडळाचा कारभारी आसाराम हार आणायला शिर्डीला गेलेला, बाकीचे पुरुष दुपारच्या जेवणाला घरोघर पांगलेले. लाउडस्पीकरवाला छगन बाजारपेठेतल्या आपल्या घरी भाकर खाऊन परत आला, तर समाजमंदिराच्या आतल्या खोलीत ट्रंकेचं झाकण सताड उघडं. ट्रंकेतली छोटी पेटी कुणीतरी वर काढून ठेवली होती आणि तीही उघडीच होती.

रंभाजी पगारे तेव्हा नुकतेच जेवून परतले होते आणि मांडवात निळ्या पताका बांधत होते. पोलीस खात्यातून जमादार म्हणून निवृत्त झालेला हा माणूस. शाहीर सहादेव त्रिभुवन हा त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त, आणि धाकट्या बहिणीचा, भामाबाईचा, नवरा. छगनची हाक ऐकून ते आत गेले. मखमलीत माइकच्या आकाराचा खळगा तेवढा दिसत होता.

तो माइक साधा नव्हता. त्याला वायरच नव्हती. दोरीनं गळ्यात ताइतासारखा अडकवायचा, सिगारेटच्या पाकिटाएवढी त्याची डबी सदऱ्याच्या खिशात टाकायची, की मग माणूस चालो, नाचो, गर्दीत शिरो, त्याचा आवाज लांब ठेवलेल्या दुसऱ्या पेटीत उतरायचा आणि कर्ण्यांतून बाहेर पडायचा. जपानी माल. पुण्याच्या एका दुकानदाराकडून जयंतीच्या महिन्यापुरता भाड्यानं आणलेला. तो परत पाठवायचा की जलसा मंडळानं कायमचा विकत घ्यायचा, हे त्याच संध्याकाळी कार्यक्रम झाल्यावर ठरायचं होतं.

शाहिरांना कळलं तेव्हा ते दाढी करत बसले होते. गालावरचा साबण पुसत ते म्हणाले की माइक गेला असंल, गळा तर जागेवर हाय. रंभाजींना तो जुना सहादेव वाटला, हसरा आणि हट्टी. भामाबाई दारात उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"आज रंगनाथला गाऊ द्या," ती म्हणाली. रंगनाथ हा शाहिरांचा चेला.

शाहिरांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "आज जयंती हाय, भामा."

ऊन कललं तशी माणसं लोटली. काष्टीपासून कोपरगावपर्यंतचे पाहुणे आले होते. छगननं आपला नेहमीचा वायरचा माइक स्टँडवर लावून दिला. पण वायरच्या माइकपुढं शाहीर आयुष्यात कधी थांबले नव्हते. पहिलं गाणं त्यांनी स्टँडपुढं उभं राहून म्हटलं. दुसऱ्याला हातातला डफ वाजू लागला आणि ते पायऱ्या उतरून माणसांत शिरले. माइक मागं राहिला. आता होता तो नुसता गळा, आणि तेवढ्या मैदानाला पुरेल एवढा तो त्यांनी ताणला. तिसऱ्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्याला ते खाली बसले.

लोकांना वाटलं, गाण्यातलाच भाग आहे. टाळ्या पडल्या. मग रंगनाथ हातातलं तुणतुणं टाकून स्टेजवरून धावत आला, आणि टाळ्या हळूहळू थांबल्या.

रंभाजींनी बहिणीला शोधलं. बायकांत ती जागेवर नव्हती. ती घराकडून पळत येत होती, पदर घट्ट धरून, आणि येईपर्यंत सगळं संपलं होतं.

२

माती झाली. पण घरोघर एकच बोलणं होतं: माइक चोरला त्यानंच शाहिराला मारलं.

आणि चोर कोण, हेही लोकांनी ठरवून टाकलं होतं: छगन. आसाराम साखर कारखान्यात कारकून होता, बी. ए. झालेला, तडफदार पोरगा. माइक विकत घ्यायचा हट्ट त्याचाच. गेल्या वर्षी एका गावात जलसा ठरला, माणसं जमली, आणि छगनचा भाड्याचा सेट ऐन वेळी आलाच नाही. गावानं टेम्पो अडवला म्हणे. त्या दिवसापासून आसाराम म्हणायचा की भाड्याचं सामान म्हणजे दुसऱ्याच्या मर्जीवर आपला आवाज. उलट छगन म्हणायचा की घ्याल खरं, पण बिघडला तर राहात्यात तो उघडून बघणार कोण? भाड्याच्या सामानाबरोबर निदान माणूस येतो. महिनाभर ही भांडणं चालली होती. मंडळाचं स्वतःचं सामान झालं असतं, तर छगनचं मोठं गिऱ्हाईक सुटलं असतं. पेटी उघडी सापडली तीही छगनलाच.

शाहिरांच्या दारात पोरं जमली. बाजारपेठेत जाऊन छगनचं दुकान पेटवायचं, एवढंच बोलणं. आसाराम पुढं होता आणि रडत होता.

रंभाजी पोरांच्या आडवे उभे राहिले. त्यांनी सांगितलं की पुण्यानुमोदनाला, शाहिरांच्या स्मरणार्थ वंदना होईल त्या दिवशी, सगळ्यांसमोर चोर उभा करीन, तोवर कुणी पेठेची पायरी चढायची नाही. आसारामनं विचारलं की चोर पेठेतल्या बड्याच्या ओळखीचा निघाला तर?

"कुनाचा बी निघाला तरी," रंभाजी म्हणाले. "माझ्या घरचा निघाला तरी."

आत बायकांमध्ये बसलेल्या भामाबाईनं मान वर करून भावाकडं पाहिलं. रंभाजींना वाटलं, बहीण आधार शोधते आहे.

पोरं पांगल्यावर ते तिच्याजवळ जाऊन बसले. भामाबाईला मूलबाळ नव्हतं. एवढ्या वर्षांत शाहीर गावोगाव फिरले आणि तिनं त्यांच्या वाटेकडं डोळे लावले, एवढाच तिचा संसार. रंभाजींनी हळूच विचारलं की त्या दुपारी समाजमंदिरात कोण आलं-गेलं ते तिनं पाहिलं का. ती म्हणाली की मांडववाल्यांना भाकरी घेऊन ती गेली होती, पण तिनं कुणाला पाहिलं नाही.

"सगळं माझ्यापासून लपवायचे हे, दादा," ती म्हणाली. "खोकायला सुदिक घरामागं त्या बाभळीखाली जायचे. नगरच्या डॉक्टरनं काळीज थकलंय म्हनून सांगितलं, ते बी लपवलं."

रंभाजींनी मान हलवली. सहादेवला काळजाचं दुखणं होतं, हे त्यांना स्वतःला त्या क्षणी पहिल्यांदाच कळत होतं. दोस्तानं आपल्यालाही सांगितलं नाही, हे त्यांना इतकं लागलं की पुढचं विचारायचं राहून गेलं.

३

छगनच्या दुकानाची फळी अर्धी लावलेली होती. आत कर्ण्यांच्या ढिगात तो एकटाच बसला होता. रंभाजींना पाहून तो उठला आणि म्हणाला की जमादार, न्यायला आला असाल तर चला.

रंभाजींनी त्याला बसवलं. दुकानात समोरच बिनतारी माइकची दुसरी पेटी होती, आवाज झेलणारी. चोरानं तिला हात लावलेला नव्हता. त्यांनी विचारलं की गळ्यातला तो माइक विकला तर कुणी घेईल का. छगननं नकारार्थी मान हलवली. ही पेटी नसेल तर तो माइक म्हणजे नुसतं खेळणं, आणि माइक नसेल तर ही पेटी मुकी. जोडीनंच चालतात ती.

म्हणजे चोराला विकायचा नव्हता, रंभाजींच्या मनानं नोंद घेतली. त्याला एवढंच हवं होतं, की तो चालू नये.

मग त्यांनी गेल्या वर्षीची गोष्ट काढली. छगन जमिनीकडं बघत बोलला.

"गावच्या चौघांनी टेम्पो अडवला आनि मी मागं फिरलो, जमादार. भ्यालो मी. शाहीर मला त्याबद्दल एक शब्द बोलले न्हाईत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

पुढं त्यानं जे सांगितलं ते वस्तीत कुणालाच ठाऊक नव्हतं. बिनतारी माइकची बातमी त्यानंच शाहिरांना दिली होती. पुण्याला जाऊन तो त्यानंच आणला होता, आणि दुकानदाराला जामीनही तोच राहिला होता. विकत घेऊ नका असं तो म्हणायचा ते खरंच. त्याचा धंदा होता तो. पण चोरायची त्याला गरज काय? यंत्राचं बटण त्याच्याच हाताखाली असायचं. भर कार्यक्रमात दोनदा शिट्टी वाजू दिली असती, तर लोकच म्हणाले असते की हे लचांड परत पाठवा.

रंभाजींना ते पटलं. आणि पटल्याबरोबर दुसरी गोष्ट डोळ्यांपुढं आली: ते सताड उघडं झाकण. ज्याला शाहिरांची फजिती करायची, तो माइक काढून पेटी मिटवून ठेवील. मग चोरी कळेल ती ऐन कार्यक्रमात, हजार माणसांदेखत. या चोरानं पेटी मुद्दाम दिसेल अशी उघडी ठेवली होती. दिवसाउजेडी, सगळ्यांना वेळेवर कळावं म्हणून. म्हणजे त्याला फजिती नको होती. शाहिरांनी त्या संध्याकाळी गायला उभंच राहू नये, असं त्याला वाटत होतं.

पण जयंतीच्या दिवशी शाहिरांनी गाऊ नये, असं वस्तीत कुणाला वाटणार?

ते जायला उठले तेव्हा छगन दारापर्यंत आला. बोलावं की नाही अशा चेहऱ्यानं तो घुटमळला.

"शाहीर पडले तवा रंगनाथ त्यांना कवळा घालून बसला हुता," तो म्हणाला. "त्यो काय पुटपुटत हुता ते मी ऐकलं. 'मी सांगायला पायजे हुतं,' असं म्हनत हुता. सारखं तेच."

४

रंगनाथ वस्तीत नव्हता. तो पाटाच्या कडेला, वाहत्या पाण्याकडं बघत बसलेला सापडला. पोरका पोरगा, शाहिरांनी त्याला लहानपणी जलशात घेतला, गाणं दिलं, घरात जेवू घातलं. भामाबाईला तो माय म्हणायचा. वस्तीत दबक्या आवाजात एक बोललं जायचंच: शाहीर थकले, रंगनाथचा गळा भरात आला, पण त्या माइकमुळं म्हातारा आणखी दहा वर्षं हलायचा नाही.

रंभाजी त्याच्या शेजारी बसले. चोरीच्या दुपारी तो कुठं होता, हे आधी विचारलं. त्यानं खिशातून एक सेल काढून दाखवला, कागदातला, नवाकोरा. माइकच्या डबीत घालायला तो आणण्यासाठी शाहिरांनी त्याला कोपरगावला पाठवलं होतं. परतीच्या एस.टी.त शिर्डीला आसाराम हारांच्या पाट्या घेऊन चढला, आणि दोघं मिळूनच गावात उतरले, तोवर पेटी उघडी सापडलेली होती.

म्हणजे हाही नव्हे आणि आसारामही नव्हे. रंभाजींना बरं वाटलं, पण ते उठले नाहीत.

"कुनाला सांगायला पायजे हुतं रे?" त्यांनी विचारलं.

रंगनाथचा चेहरा एकदम वाकडा झाला. शपथ घातलीय, एवढंच तो म्हणाला. रंभाजी वाट बघत राहिले. पाटात एक फांदी वाहत आली, काठाला अडली, सुटून पुढं गेली. मग पोरगा बोलायला लागला.

जयंतीच्या आधीच्या रविवारी शाहिरांच्या अंगणात तालीम होती. मध्येच शाहिरांना खोकला आला, तसे ते उठून घरामागं बाभळीकडं गेले. रंगनाथ पाणी घेऊन मागोमाग गेला. तिथं पहिल्यांदा शाहीर मोकळेपणानं बोलले. जलशाच्या निमित्तानं नगरला गेले तेव्हा त्यांनी डॉक्टरला दाखवलं होतं. काळीज थकलंय, जोर लावून गायचं नाही, नाहीतर भरवसा नाही, असं डॉक्टर म्हणाला होता. हे भामाला कळता कामा नये, असं शाहिरांनी शपथ घालून बजावलं.

"आनि पुढं?" रंभाजींनी विचारलं.

"पुढं हसले. म्हनले, ह्या माइकनं मला वाचवलंय बघ. कानात बोलल्यागत गातो तरी मैदानाला ऐकू जातं, काळजाला धक्का न्हाई. आता फक्त ही जयंती. मंडळानं माइक घेतला, की त्याच स्टेजवर तुझ्या गळ्यात घालतो, आनि घरी भामाजवळ जाऊन बसतो. लई वाट बघायला लावली तिला, म्हनले."

रंगनाथ गुडघ्यांत डोकं घालून रडला. माइक गेला तेव्हा गाऊ नका म्हणून सगळ्यांसमोर सांगायला हवं होतं, पण शपथेनं तोंड बांधलं गेलं, असं तो म्हणत होता. रंभाजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. जुन्या सवयीनं तोंडून पुढचा प्रश्न निघाला: हे दुखणं आणखी कुणाला माहीत होतं?

"कुनालाच न्हाई, मामा. त्या रविवारशिवाय ते कधी बोललेच न्हाईत. मायला तर आजून बी ठावं न्हाई."

नगरच्या डॉक्टरनं काळीज थकलंय म्हनून सांगितलं, ते बी लपवलं. बहिणीचा आवाज रंभाजींच्या कानांत स्पष्ट उमटला.

ते उठले, आणि पुन्हा तिथंच बसले. मग त्यांनी रंगनाथला एकच गोष्ट विचारली. बाभळीखाली बोलताना शाहिरांच्या गळ्यात माइक होता का?

रंगनाथनं आठवून पाहिलं. तालीम चालू होती, तेव्हा असणारच. खोकल्याच्या घाईत काढायचं राहून गेलं असेल.

५

परत जाताना ते छगनकडं उभ्याउभ्याच थांबले. माइकचं बटण चालू असेल आणि माणूस भिंतीआड गेला, तर काय होतं, हे विचारलं. छगन म्हणाला की त्याला भिंत नसते. तिकडं कुजबुजलं तरी इकडं कर्ण्यात येतं.

त्या रविवारचं त्याला चांगलं आठवत होतं. अंगणात त्यानं एकच छोटा कर्णा लावला होता. शाहीर उठून गेले, तसा तोही कोपऱ्यावर चहाला गेला. परत आला तर यंत्राचं बटण बंद. आपणच बंद करून गेलो असू, असं त्याला वाटलं. अंगणात तेव्हा कोण होतं? फक्त भामाबाई, ज्वारी पाखडत बसलेली. डोळे लाल झाले होते. डोळ्यांत कोंडा गेला, असं म्हणाली.

पेठेतून वस्तीपर्यंतचा रस्ता रंभाजींच्या पायांखालचा होता, पण त्या दिवशी तो संपेना. खात्यात असताना संशय खरा ठरला की त्यांना समाधान वाटायचं. आज आपण चुकलेले असावं, म्हणून ते मनातल्या मनात हात जोडत होते.

भामाबाई चुलीपुढं बसली होती. चुलीत जाळ नव्हता. भावाचा चेहरा पाहिल्यावर तिनं काही विचारलं नाही. उठली, ज्वारीच्या कणगीत कोपरापर्यंत हात घातला आणि फडक्यात गुंडाळलेली वस्तू काढून भावापुढं ठेवली.

"तू 'माझ्या घरचा निघाला तरी' म्हनलास, तवाच सांगनार हुते," ती म्हणाली. "तोंड उघडलं न्हाई."

रंभाजी भिंतीला टेकून खाली बसले. मग तिनं सांगितलं, थांबत थांबत. त्या रविवारी ज्वारी पाखडताना कर्ण्यातून एकदम खोकला आला. घरामागं लपून खोकणारा तिचा नवरा तिच्या कानाशी येऊन खोकत होता. आधी ती दचकली. मग डॉक्टर काय म्हणाला ते तिनं ऐकलं. भामाला कळता कामा नये, हे ऐकलं. तेवढ्यात शेजारच्या बायका हंडे घेऊन अंगणाकडं येताना दिसल्या, आणि नवऱ्याचं लपवलेलं दुखणं साऱ्या वस्तीला कळेल म्हणून तिनं धावत जाऊन बटण बंद केलं.

"त्याच्यापुढचं ऐकलं न्हाईस?" रंभाजींनी विचारलं.

"न्हाई. काय ऐकायचं राहिलं हुतं?"

रंभाजींनी पुढ्यातलं फडकं जवळ ओढलं.

तिला एवढंच कळलं होतं की तो माइक आल्यापासून नवऱ्याला रोज नव्या गावाची बोलावणी येत होती. तो विकत घेतला, तर मरेपर्यंत गात राहतील. विचारायला जावं तर कळलं कसं, हे सांगावं लागेल, आणि आपल्याला कळू नये म्हणून जे इतकं जपलं, ते मोडेल. माइकच नसला, तर निदान त्या दिवशी रंगनाथ गाईल आणि हे बसतील, असं तिला वाटलं. म्हणून भाकरी द्यायला गेली तेव्हा तो उचलला, आणि लवकर कळावं म्हणून पेटी उघडी टाकून आली.

"पहिल्या गान्याला मी उठले, दादा. मग वाटलं, थांबतील. बसले. दुसऱ्याला ते खाली उतरले तसा त्यांचा गळा ऐकला आनि घराकडं पळाले. कनगीत हात घातला. माइक पदरात घेऊन मी येतच हुते. वाटेत टाळ्या ऐकू आल्या. मला वाटलं, गानं झालं."

ती रडली नाही. रंभाजी रडले.

६

पुण्यानुमोदनाच्या सकाळी रंभाजींनी बहिणीला सांगितलं की माइक सापडला नाही असं मी सांगतो. दिलेला शब्द मोडल्याचा बोल मला लागेल, लागू दे. तिनं नुसती नकारार्थी मान हलवली. छगनच्या बायकोला सामाईक नळावर वस्तीतल्या बायका भांडं लावू देत नव्हत्या, हे तिच्या कानांवर आलं होतं.

समाजमंदिर भरलं. वंदना झाली. बोलावणं धाडल्यामुळं छगन आला होता, दाराशी चपलांजवळ बसला होता. आसारामनं रंभाजींकडं पाहिलं, तसे ते उभे राहिले, पण त्यांच्या आधीच भामाबाई उठली. बुद्धाच्या मूर्तीपुढं, शाहिरांच्या फोटोशेजारी तिनं फडकं सोडून माइक ठेवला. चोरला तो मी, असं म्हणाली, आणि का चोरला ते चार वाक्यांत सांगितलं. छगनचा यात केसाएवढाही दोष नाही, हे मात्र तिनं दोनदा सांगितलं.

चोराचा जीव घ्यायला निघालेली पोरं माना खाली घालून बसली. मग म्हातारी आक्काबाई उठली, भामाबाईचा हात धरून तिला आपल्याजवळ बसवलं आणि पाण्याचा तांब्या तिच्या तोंडाला लावला. आसाराम दारापर्यंत गेला आणि छगनला आत, सतरंजीवर घेऊन आला.

शेवटी प्रश्न उरला तो माइकचा. दुकानदाराची मुदत संपत आली होती. परत पाठवून टाका, तो डोळ्यांपुढं नको, असं काही जण म्हणाले. आसारामचं इतक्या दिवसांचं अवसान गळालं होतं. बोलला तो छगन. म्हणाला की घ्या. भाड्यानं घ्याल तर कधीतरी कुनीतरी तुमचा टेम्पो अडवील आनि माझ्यासारखा एखादा मागं फिरंल. बिघडला तर मी उघडायला शिकेन.

घ्यायचं ठरलं. पण तो घालणार कोण? सगळ्यांनी रंगनाथकडं पाहिलं. तो मागं मागं सरत भिंतीला टेकला. तेव्हा भामाबाई उठली. तिनं माइक उचलला, फडक्यानं पुसला, आणि पोराचं डोकं खाली वाकवून दोरी त्याच्या गळ्यात घातली.

रंगनाथच्या तोंडून हुंदका फुटला. ज्या हातांनी तो माइक त्याच्या गळ्यात पडायचा होता, ते हात त्याला आठवत होते. त्यानं मायकडं पाहिलं, ओठ हलले. रंभाजींनी लांबूनच मान हलवून त्याला नको म्हटलं. पोरगा समजला. त्यानं खाली वाकून भामाबाईच्या पायांवर डोकं ठेवलं.

घरी परतताना ऊन चढलं होतं. भामाबाई भावाच्या एक पाऊल मागं चालत होती. दाराशी आल्यावर ती थांबली.

"दादा, मी बटन बंद केलं, त्याच्यापुढं ते काय बोलले असतील? तू रंगनाथला विचारलं असशील."

"विचारलं," रंभाजी म्हणाले. "काही न्हाई बोलले. खोकला थांबला आनि आले परत."

"लई वेळ लागला हुता यायला."

"बसले असतील झाडाखाली."

भामाबाईनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. खात्यातल्या नोकरीत रंभाजींनी कितीतरी खोटं बोलणाऱ्यांच्या डोळ्यांत डोळे घालून पाहिलं होतं. आता त्यांनी आपली नजर तिच्या नजरेवरून ढळू दिली नाही.

"मग बरं," ती म्हणाली. "मला वाटलं, माझं काही ऐकायचं राहून गेलं."

ती आत गेली आणि भावासाठी भाकर टाकायला चूल पेटवू लागली. रंभाजी बाहेर ओट्यावरच बसून राहिले. ती जेवायला हाक मारीपर्यंत त्यांना डोळे पुसून घ्यायला हवे होते.